पेपर-पॅच बुलेटचा ग्रुप पसरतोय? आधी जमिनीवर पडलेला कागद बघा

शिशाच्या ओतीव गोळीभोवती कागदाचे दोन वेढे, पेपर-पॅच म्हणजे एवढंच. पण या कागदाला दोन कामं करायची असतात आणि दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत. रायफलच्या नळीत असेपर्यंत त्याने शिसं आणि पोलाद यांच्यामध्ये अखंड राहायचं आणि नळीच्या तोंडातून बाहेर पडलं की त्याच क्षणी गोळीला सोडून द्यायचं. आत फाटला तर गरम गॅस शिशाला चाटून जातो, गोळीची कड खराब होते, नळीत शिसं बसतं. बाहेर आल्यावर चिकटून राहिला तर गोळी एका बाजूला कागदाचं शेपूट घेऊन उडते आणि कुठेतरी भलतीकडे लागते. अचूकतेच्या बहुतेक सगळ्या तक्रारी या दोनपैकी एका खात्यात जातात, म्हणून ग्रुप, म्हणजे टार्गेटवर लागलेल्या गोळ्यांचा गट, बिघडला की लगेच पावडर (बारूद) बदलायला धावू नका, आधी कुठलं खातं आहे ते ओळखा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. काडतुसं स्वतः भरणं तुमच्याकडे कायद्याने आणि लायसन्सने चालत असेल तरच या वाटेला जा. आणि पावडरचे आकडे मी इथे एकही देणार नाही, ते पावडर कंपनीच्या किंवा छापील लोडिंग मॅन्युअलमधूनच घ्यायचे, तुमच्याच कॅलिबरचे, तेवढ्याच वजनाच्या ओतीव बुलेटचे, आणि कायम सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरू करायचे. ब्लॅक पावडरसाठी, म्हणजे जुन्या काळ्या बारुदीसाठी, बनलेल्या जुन्या रायफलमध्ये स्मोकलेस, म्हणजे आजची जास्त दाब करणारी बिनधुराची पावडर कधीच नाही.

तर आता कागद. रेंजवर पहिला गट मारायच्या आधी नळीच्या पुढे काही पावलांवर जमीन साफ करून घ्या किंवा एखादी जुनी चादर अंथरा. गट मारून झाला, फायरिंग थांबलं, सगळ्यांच्या रायफली उघड्या आणि रिकाम्या झाल्या, की मगच पुढे जाऊन कागद वेचायचा. माझ्या मते टार्गेट बघायच्या आधी हे तुकडे बघावेत कारण गोळी कुठे लागली ते टार्गेट सांगतं पण का लागली ते हेच तुकडे सांगतात.

चांगल्या पॅचचे तुकडे अरुंद लांबट पट्ट्यांसारखे असतात, कडा सरळ कापलेल्या, कारण रायफलिंगच्या उंच धारांनी, म्हणजे लँडनी, तो उभा चिरलेला असतो. रंग जवळपास कोऱ्या कागदाचाच राहतो, थोडा करडा झाला तरी चालतं. सोबत गोळीच्या बुडाखालची गोल चकती सापडते आणि ती उजेडात धरली तर अख्खी असते, तिच्यावर वॅडचा (पावडर आणि गोळी यांच्यामध्ये ठेवलेल्या चकतीचा) ठसा उमटलेला दिसतो. असं दिसलं की पॅच नीट काम करतोय, मग ग्रुपचा प्रॉब्लेम दुसरीकडे शोधा, गोळीच्या वजनात, केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात), बेंचवर, वाऱ्यात.

कडा तपकिरी काळ्या, जळलेल्या, किंवा मध्येच बारीक भोकं दिसली तर गॅस गोळीच्या बाजूने पुढे घुसतोय. गोळी नळीला भरून बसत नाहीये, किंवा बुडाखालचा वॅड नीट सील करत नाहीये. कागदाचे मोठे तुकडे न चिरता सापडले तर लँडनी कागदाला पकडलंच नाही, म्हणजे गोळी बारीक आहे किंवा शिसं इतकं कडक आहे की दाबाने फुगलं नाही. आणि कागद अजिबातच सापडला नाही, नुसता भुगा, तर दोन शक्यता उरतात. एक तर नळी खरखरीत किंवा काजळीने भरलेली आहे आणि तिने कागद दळून टाकला, नाहीतर कागद गोळीबरोबर पुढे गेला. जवळच्या टार्गेटवर भोकाच्या आजूबाजूला कागदाचे कपटे चिकटलेले आहेत का ते बघा, लगेच कळेल.

अजून एक जागा बघायची राहते ती म्हणजे चेंबर, नळीच्या मागची काडतूस बसायची जागा. केस बाहेर काढल्यावर चेंबरच्या पुढच्या टोकाला कागदाची बारीक अंगठी अडकलेली सापडली तर तुमची केस चेंबरच्या मानाने आखूड आहे. केसचं तोंड आणि चेंबरची पायरी यांच्यामध्ये जी फट राहते तिथे गोळी फुगते, कागद त्या फटीत दाबला जातो आणि पायरीवर कापला जातो. ती अंगठी पुढच्या काडतुसाच्या वाटेत राहिली तर तो शॉट गेलाच समजा. यावर उपाय एकच, चेंबरची खरी लांबी मोजा आणि तेवढ्या लांबीच्या केस मिळवा. मॅन्युअलमध्ये लिहिलेली ट्रिम लेंथ, म्हणजे केस कापून आणायची लांबी, ही सगळ्यांसाठी सुरक्षित धरलेली असते, तुमच्या चेंबरची असेलच असं नाही. मोजायला सेरोसेफ वापरतात, कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू आहे, चेंबरमध्ये ओतला की आधी जरा आकसतो म्हणून सहज बाहेर निघतो आणि साधारण तासाभराने पुन्हा फुगून चेंबरच्या मापाला येतो, तेव्हा मायक्रोमीटर लावायचा.

आता मापं. इथे कंटाळा करणाऱ्याला पेपर-पॅच कधीच जमत नाही. नळीची दोन मापं लागतात, बोअर म्हणजे लँडच्या माथ्यामाथ्यावरचं आणि ग्रूव्ह म्हणजे खाचांच्या तळातलं. मऊ शुद्ध शिशाचा तुकडा तेल लावून नळीत ढकला, बाहेर काढून मोजा. नळीला खाचांची संख्या विषम असेल तर साध्या मायक्रोमीटरने ग्रूव्हचं माप बरोबर येत नाही कारण खाचेसमोर खाच नसते लँड असतो, त्याला व्ही-अँव्हिलचा मायक्रोमीटर लागतो.

मापं आली की ठरवायचं की कुठल्या पद्धतीने जायचं. ब्लॅक पावडरवाले बरेच जण गुंडाळलेली गोळी बोअरच्या मापाची ठेवतात, ती लँडवरून घसरत आत जाते आणि पावडर पेटली की धक्क्याने फुगून खाचा भरते. स्मोकलेसवाले गुंडाळलेली गोळी ग्रूव्हच्या मापाची किंवा एखाद-दोन थाऊ मोठी ठेवतात (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वर्कशॉपमध्ये बोलतात तसाच) म्हणजे फुगण्यावर अवलंबून राहावं लागत नाही. दोन्ही चालतात. मधलं माप मात्र चालत नाही, बोअरपेक्षा मोठी आणि ग्रूव्हपेक्षा लहान अशी गोळी लँडवर कागद फाडते आणि खाचेत सीलही करत नाही.

कागदाचा हिशोब सोपा आहे. दोन वेढे म्हणजे व्यासात कागदाच्या चार जाड्या वाढतात. कागद २ थाऊचा असेल तर गोळी ८ थाऊने जाड होते. समजा .४५ कॅलिबर आहे, बोअर .४५० आणि ग्रूव्ह .४५८ (ही सगळी मापं इंचात). बोअरच्या पद्धतीने गोळी .४४२ च्या आसपास हवी. ग्रूव्हच्या पद्धतीने तीच गोळी .४५० किंवा .४५१ हवी. .३० कॅलिबरला ग्रूव्ह .३०८ धरला तर .३०१ ची गोळी दोन वेढ्यांनी .३०९ होते. साधा प्रिंटरचा ८० जीएसएम कागद साधारण ४ थाऊ असतो, म्हणजे दोन वेढ्यांत १६ थाऊ, तो बहुतेक ठिकाणी बसतच नाही आणि त्यात पांढरेपणासाठी खनिजाची भुकटी भरलेली असते ती नळीत घासते. शंभर टक्के कॉटनचा पातळ कागद घ्या, कांद्याच्या पापुद्र्यासारखा ओनियनस्किन मिळतो तो उत्तम. ओला झाला की ताणतो आणि वाळताना आवळतो, आपल्याला नेमकं हेच पाहिजे. एकाच लॉटमधला भरपूर कागद एकदम घेऊन ठेवा कारण लॉट बदलला की जाडी अर्ध्या थाऊने जरी सरकली तरी व्यास दोन थाऊने सरकतो आणि मग काल बसणारी गोळी आज अडकते.

मिश्रधातूवर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. शुद्ध शिसं ब्रिनेल कडकपणात ५ च्या आसपास असतं, त्यात कथील घातलं की कडक होतं आणि साच्यात नीट भरतं. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्यात आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलची ४८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीचं वजन मोजायचं बारीक एकक) गोळी कागदात गुंडाळलेली होती आणि तिचं मिश्रण १२ भाग शिसं, १ भाग कथील असं होतं. आज ब्लॅक पावडरला १ ला १६ ते १ ला ३० या पट्ट्यातलं कथील-शिसं वापरतात. बोअरच्या मापाची गोळी असेल तर ती फुगलीच पाहिजे म्हणून अति कडक शिसं तिथे मारक ठरतं, कागद जळतो, ग्रुप उघडतो, लोक म्हणतात पेपर-पॅच बेकार आहे. पण उलटं टोकही वाईट. नाक लांब आणि टोकदार असेल आणि शिसं फार मऊ, तर धक्क्याने नाकच बसतं, थोडंसं वाकडं होतं आणि बाकी सगळं बरोबर असून मधूनच एखादी गोळी लांब जाते. अशा वेळी लोडमध्ये, म्हणजे काडतुसाच्या भरणीत, काही बदलू नका, आधी कथील थोडं वाढवा किंवा नाक बोथट असलेला साचा वापरून बघा. जुनी चाकाची वजनं वितळवून वापरणाऱ्यांना माझं सांगणं की प्रत्येक बॅचमध्ये अँटिमनी वेगळं निघतं, कडकपणा मोजल्याशिवाय ते शिसं टार्गेटच्या गोळ्यांना घेऊ नका.

ओतताना साचा गरम आणि लय सारखी ठेवायची, भरायचं थांबायचं कापायचं पाडायचं, दर वेळी तेवढाच वेळ. सुरकुत्या पडल्या तर साचा थंड आहे. उघड्या हवेत किंवा जोराच्या एक्झॉस्टखाली ओता, चष्मा, हातमोजे, बंद बूट, आणि पातेल्याजवळ पाण्याचा थेंबही नको, ओला तुकडा वितळलेल्या शिशात पडला तर शिसं उसळून अंगावर येतं. काम झालं की हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत.

गोळी निवडताना बूड सगळ्यात महत्त्वाचं. नाकावर बारीक खळगा असेल तर क्वचित फरक पडतो पण बुडाची कड एका ठिकाणी गोल झाली असेल तर बाहेर पडताना गॅस त्याच बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. भिंगाखाली बुडाची कड फिरवून बघा, शंका आली की परत पातेल्यात. मग वजन. ५०० ग्रेनच्या गोळ्या एका ग्रेनच्या आत निवडता येतात, हलक्या निघालेल्या बहुतेकदा आतून पोकळ असतात.

आता गुंडाळणं. पॅच हा तिरक्या टोकांचा पट्टा असतो, दोन्ही टोकं समांतर तिरकी कापलेली. रुंदी म्हणजे गोळीचा सरळ भाग, पुढे नाकाच्या उतारावर साधारण अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि मागे बुडावर दुमडायला गोळीच्या व्यासाच्या अर्ध्यापेक्षा थोडं कमी. लांबी अशी की दोन वेढे पूर्ण होऊन टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत पण एकमेकांवर चढता कामा नयेत. चढली तर त्या बाजूला एक जाडी जास्त होते आणि गोळी नळीत तिरकी बसते. .४४३ च्या गोळीला २ थाऊच्या कागदाचे दोन वेढे हिशोबाने साधारण २.८ इंच होतात, पण ओला कागद ताणतो म्हणून त्याहून जरा कमी लागतं, एक कापा, गुंडाळून बघा, मग पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं टेम्पलेट बनवा आणि धारदार गोल ब्लेडच्या कटरने कापत राहा. कागदाला धाग्याची दिशा असते आणि तो आडवा जास्त ताणतो, म्हणून सगळे पॅच एकाच दिशेने कापायचे, काही आडवे काही उभे असं केलं की लांबी जुळणारच नाही.

पाण्यात बुडवून पॅच काढा, टिपकागदावर टेकवा, ओथंबलेला नको, नुसता लुळा पडणारा मऊ हवा. सपाट जागेवर ठेवा, गोळी तिरक्या टोकावर अशी ठेवा की टोकाचा कोपरा आणि गोळीचा अक्ष बरोबर जुळेल, पहिलं टोक बोटांच्या पेऱ्यांनी गोळीला चिकटवा आणि मग पुढे लोटत जा. लोटताना दोन्ही बाजूंना सारखा दाब पाहिजे, एका बाजूला जास्त दाबलं की पट्टा गोळीवर जिन्यासारखा चढत जातो आणि मागची कड वाकडी येते. पहिला वेढा पूर्ण होताना कागद पहिल्या टोकावर येतो तिथे बोटाला बारीकशी पायरी जाणवते, तिथेच थोडा ताण द्यायचा. शेवटचं टोक बसलं की अंगठ्याने शिवणीवरून एकदा हात फिरवा, शिवण दिसली पाहिजे पण बोटाला उंचवटा लागता कामा नये. मग बुडावरचा कागद घड्या घालत आत दुमडायचा आणि गोळी बुडावर उभी करून हलकं दाबायचं म्हणजे घड्या सपाट होतात. बुडाला खळगा असलेली गोळी असेल तर शेपूट पिळून त्या खळग्यात कोंबतात, पण सपाट बुडाला पिळलेली गाठ ठेवू नका, ती वॅडवर टेकते आणि बूड तिरकं होतं.

गोंद नको. कागद गोळीला चिकटवायचा नाहीये, आवळायचा आहे. वाळायला रात्रभर ठेवा, हीटरवर नाही. वाळल्यावर बाहेरून मेण आणि लॅनोलिनसारखं (लोकरीतली चरबी) अगदी पातळ ल्यूब, म्हणजे वंगण, बोटाने चोळा आणि फडक्याने पुसा. जास्त लावलं तर कागदातून झिरपून शिशापर्यंत जातं, कागद चिकटतो आणि बाहेर पडल्यावर सुटत नाही. ग्रूव्हच्या पद्धतीत गुंडाळलेली गोळी सायझरमधून (दाबून नेमक्या मापाला आणणाऱ्या साच्यातून) काढायची असेल तर एखाद-दोन थाऊच्या वर दाबू नका, कागदाची कातडी निघते. बोअरच्या पद्धतीत शेवटची परीक्षा नळीच्या तोंडाशी घ्या, रिकाम्या रायफलमध्ये गुंडाळलेली गोळी अंगठ्याने ढकलल्यावर जराशी अडत सरकली पाहिजे, कागदावर ओरखडा न येता.

केसचं काम पटकन सांगतो. त्याच रायफलमध्ये एकदा उडवलेल्या केस घ्या, तोंड आतून चॅम्फर करा, म्हणजे कड तिरकी घासा, आणि त्यावरची बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची कुसळं, पूर्ण घालवा कारण एक बारीक कुसळ कागद उभा चिरून टाकतं. तोंड थोडं फाकवा, गोळी हाताच्या दाबाने जाईल एवढंच. क्रिम्प, म्हणजे केसचं तोंड गोळीवर आवळणं, नाही. बोअरच्या गोळ्या केसमध्ये अगदी थोड्या, एक सूतभर बसवल्या तरी पुरतं. ब्लॅक पावडरमध्ये पावडर आणि वॅड यांच्यात हवेची जागा अजिबात ठेवायची नाही, आणि पावडर दाबायची ती कॉम्प्रेशन डायने (पावडर दाबायच्या खास दांड्याने) दाबायची, गोळीने नाही, नाहीतर मऊ गोळीचं बूड केसमध्येच पसरतं. ल्यूबची चकती वापरत असाल तर ती आणि गोळी यांच्यामध्ये एक कडक वॅड हवाच, ल्यूब बुडाला चिकटून गेला तर तो शॉट हमखास बाहेर जातो.

नळी पुसणं हा लोडचाच भाग समजा. बोअरच्या मापाची गोळी काजळीत जातच नाही, म्हणून प्रत्येक शॉटनंतर एक ओला आणि मग कोरडा कपडा, दर वेळी तेवढाच ओला, तेवढेच फेरे. चेंबरमध्ये ओल राहिली तर पुढच्या काडतुसाचा कागद भिजतो, म्हणून चेंबर वेगळ्या फडक्याने कोरडं करा. स्मोकलेसवाल्यांनी ज्या नळीतून आधी जॅकेटेड (तांब्याचं आवरण असलेल्या) बुलेट मारल्यात तिच्यातलं तांबं सॉल्व्हंटने पूर्ण काढल्याशिवाय पॅचची परीक्षा घेऊ नये, तांब्याचे चट्टे कागद फाडतात. नळीत शिसं बसत असेल तर कुठे बसतंय ते बघा. चेंबरजवळ बसत असेल तर कागद आत शिरतानाच फाटतोय किंवा गॅस मागूनच घुसतोय, नळीच्या तोंडाकडे असेल तर काजळी वाळून कडक होतीये, पुसणं किंवा ल्यूब कमी पडतंय.

१८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर रेंजवर आयरिश आणि अमेरिकन संघांची ८००, ९०० आणि १००० यार्डांची मॅच झाली होती, अमेरिकन ९३४ विरुद्ध ९३१ ने जिंकले. त्या काळात लांब पल्ल्याला कागदात गुंडाळलेलीच गोळी चालायची, म्हणजे हे तंत्र नीट केलं तर कुठपर्यंत जातं ते कधीच सिद्ध झालंय.

ट्यूनिंग करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि तीन शॉटच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका, दहा शॉट मारा. दहामधले आठ एकत्र आणि दोन लांब असतील तर लोड चांगला आहे आणि त्या दोन गोळ्यांत काहीतरी वेगळं होतं, कागद, बूड किंवा पुसणं. दहाही सारखे पसरले असतील तर मूळ माप किंवा मिश्रधातू चुकलंय. गोळ्या ज्या क्रमाने मारल्या तो क्रम टार्गेटवर लिहा, पुसण्यातली गडबड क्रमातच दिसते, शॉट हळूहळू एका बाजूला सरकत जातात. आणि १०० यार्डांवर छान दिसणारा लोड लांब पल्ल्याला उभा पसरला तर क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावा, शॉटाशॉटातला वेगाचा फरक जवळ दिसत नाही पण ८०० यार्डांवर तो उभ्या रेषेत उतरतो. तिथे पावडर आणखी काटेकोर तोला, सगळ्या केसना सारखीच पकड आहे का ते गोळी बसवताना हाताला जाणवतं त्यावरून वेगळ्या काढा, आणि वॅड सगळे एकाच जाडीचे आहेत का ते एकदा मायक्रोमीटरने तपासा.